सूक्ष्म कर्जाचे शिक्षण : सेवा कोणाची?

‘सेवा’ हा शब्द आपल्यासाठी निरागस नाही. मनुस्मृतीने शूद्राला एकच कर्म नेमून दिले होते : कुरकुर न करता वरच्या तिन्ही वर्णांची सेवा करणे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. त्या दहनाचे वारस असलेली मुले आज अकरावी-बारावीत ‘सेवा प्रकल्प’ करतात आणि त्याचे प्रमाणपत्र घेतात. शब्द जुना असला तरी अर्थ नवा आहे, असे कोणी म्हणेल. मला तो पुरता बदललेला दिसत नाही. कोणी कोणाची सेवा करायची आणि ती घेणाऱ्याने कोणत्या चेहऱ्याने उभे राहायचे, हे प्रश्न अजून शिल्लक आहेत. एका लहानशा प्रकल्पाच्या निमित्ताने ते मला येथे मांडावयाचे आहेत.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे, सात दिवसांच्या शिबिरात राहावे आणि ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे ब्रीद मनात बाळगावे, अशी तिची कल्पना. मी या योजनेचा विरोधक नाही. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर अशा नांदेड-लातूरच्या सीमेवरच्या तालुक्यांतून आमच्याकडे मुले येतात. चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी शिबिराच्या सहाव्या दिवशी सरपंचाला प्रश्न विचारते, हे मी पाहिले आहे. परंतु त्या ब्रीदामध्ये एक गृहीत दडलेले आहे. ‘मी’ म्हणजे ज्याच्याजवळ काही आहे तो, आणि ‘तुम्ही’ म्हणजे ज्यांच्याजवळ नाही ते. पुण्या-मुंबईच्या एखाद्या महाविद्यालयात हे दोघे वेगवेगळ्या वस्त्यांत राहत असतील. आमच्याकडे ते एकाच घरात, एकाच पत्र्याखाली राहतात.

प्रकल्प असा होता. एका प्रायोजक संस्थेने अकरावीच्या मुलांसाठी ‘सूक्ष्म वित्त आणि महिला सक्षमीकरण’ या विषयावर एक सुबक पुस्तिका पाठविली. मुलांनी वस्तीत जावे, छापील फॉर्म भरून घ्यावेत, बायकांना बचतीचे महत्त्व समजावून सांगावे, आणि प्रत्येकाने एका लाभार्थी महिलेची ‘यशोगाथा’ लिहून आणावी. निवडक यशोगाथांचे प्रदर्शन भरणार होते. मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून काम माझ्याकडे आले.

पुस्तिकेत नमुन्यादाखल दहाएक यशोगाथा दिल्या होत्या. त्या मी साहित्य म्हणून वाचल्या, आणि प्रत्येक मजकुराला तसा वाचण्याचा हक्क आपल्याला आहे. त्यांची रचना ठरलेली आहे. आरंभी दारिद्र्य, नवरा दारू पिणारा किंवा आजारी. मग एक ‘ताई’ किंवा ‘सर’ भेटतात. गट स्थापन होतो. कर्ज मिळते. पापड, लोणचे, शेवया, नाहीतर शेळ्या. शेवटी मुले शाळेत, घराला रंग, बाई हसतमुख. या बाईला आडनाव असते, पण जात नसते. ती दरिद्री का झाली, हे कोठेही विचारलेले नाही. दारिद्र्य जणू पावसासारखे वरून पडले. आपल्याकडची आत्मकथने आणि ही यशोगाथा यांत फरक येथे पडतो. पी. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. ही दोन्ही आपल्याच भागातल्या मातीची पुस्तके. त्यांतला ‘मी’ आपल्या दुःखाचे कारण धुंडाळतो, आणि कारण शोधताना त्याला गाव दिसते. यशोगाथेतल्या बाईला गावच नसते.

गाव आणले की पापड अडतो. मातंगवाड्यातल्या किंवा बौद्धवाड्यातल्या बाईने लाटलेला पापड गावातले कोणते घर विकत घेईल? शाळेच्या खिचडीला दलित बाईचा हात लागला म्हणून कुरबूर होते, हे आपल्या कार्यकर्त्यांना नव्याने सांगायला नको. तरीही सक्षमीकरणाच्या प्रत्येक यादीत पापड-लोणचे पहिल्या क्रमांकावर. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जी बाई आहे, तिच्या हातचे सर्वांना चालते.

ही शिक्षणपद्धती केवळ आपल्याकडची नाही. ‘कीवा’ ही संस्था २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघाली. तिच्यामार्फत पंचवीस डॉलर्स देऊन कोणीही दूर देशातल्या गरीब स्त्रीच्या कर्जाला हातभार लावू शकतो. तिकडच्या शाळांतील मुले केक विकून पैसे जमवतात, पडद्यावर बाईचे छायाचित्र निवडतात, आणि सूक्ष्म कर्जाचा धडा शिकतात. पैसे देणाऱ्याला व्याज मिळत नाही, म्हणून त्याला दानाचे समाधान मिळते. मधली स्थानिक संस्था मात्र त्या बाईकडून व्याज घेतेच. आणि पुष्कळदा छायाचित्र दिसते तेव्हा तिला कर्ज अगोदरच दिलेले असते. मुलांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण तो धडा कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीवर बसून शिकलेला आहे. आमच्या पुस्तिकेने तीच खुर्ची उचलून मुखेडला आणली. आमची मुले मात्र कर्ज फेडणाऱ्याच्या बाजूला जन्मलेली आहेत.

वस्तीत गेल्यावर हे उघडे पडायला वेळ लागला नाही. वह्या घेतलेली वीस मुले आणि पुढे मी, असे आम्ही बोळातून शिरलो तर एक म्हातारी आत वाकून म्हणाली, “हप्त्याचे सर आले बग.” आता वस्तीत ‘सर’ म्हणजे हप्ता गोळा करणारा. शिक्षकाचा मान गेला याचे मला दुःख नाही. तो शब्द कोणाकडे गेला हे पाहण्यासारखे आहे. थोड्या वेळाने खरे सर आलेच. मोटारसायकल, पाठीला पिशवी, हातात यंत्र. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला : बी. कॉम., घरातला पहिला पदवीधर, भीमजयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा. वसुली शंभर टक्के झाली नाही तर वरिष्ठ त्याला फोनवर काय बोलतात, ते त्याने मला बाजूला घेऊन सांगितले. नोकरीच्या जागा आटल्या, अनुशेष भरला गेला नाही. मग आपली शिकलेली मुले आपल्याच वस्तीत वसुलीला निघाली. या मुलाचे काय करायचे, याचे उत्तर चळवळीजवळ नाही. ते असते तर त्याने हे काम कशाला पत्करले असते?

त्या दिवशी माझ्या वर्गातील एक मुलगी फॉर्म घेऊन माझ्याजवळ आली. “सर, आमच्या घरचंच लिहिलं तर चालंल का?” पुस्तिकेत सूचना होती की स्वतःचे नातेवाईक घेऊ नयेत, निष्पक्षता राहत नाही. मी तिला लिहायला सांगितले. तिच्या पानाकडे पुढे येतोच.

तत्पूर्वी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण पुस्तिकेने त्या मुद्दाम की नकळत एकत्र केल्या आहेत. बचत गट ही एक वस्तू आहे. दहा ते वीस बायका स्वतःचे पैसे जमवतात, आपसांत कर्ज देतात, व्याज आपणच ठरवतात, ते गटातच राहते. नाबार्डने १९९२ साली पाचशे गट घेऊन बँकांशी त्यांची जोडणी करून पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामात बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या, घरदुरुस्तीची माहिती दारोदार नेऊ लागल्या, आणि त्या उभारणीतून पुढे बचतीच्या गटांचे काम वाढले. बँकेच्या दारात कधी उभी न राहिलेली बाई व्यवस्थापकासमोर खुर्चीवर बसली, हे खोटे नाही. आपल्याकडची भिशीही जुनीच. या सगळ्याला नाक मुरडणे हा शहरी क्रांतिकारकांचा छंद आहे. मला तो परवडत नाही.

कंपनीचा गट ही दुसरी वस्तू होय. तेथे बायकांची बचत नसते. पाच-सहा जणींना कंपनी कर्ज देते, आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता घेते, आणि एकीचा हप्ता चुकला की इतरींनी भरायचा. वस्तीत दोन्हींना ‘गट’च म्हणतात. पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याचा धंदा चालतो.

तारण नको, असे अभिमानाने सांगितले जाते. तारण आहे, ते शेजारणीच्या रूपात आहे. कंपनी जात विचारत नाही, हेही खरे. पण वस्ती जातीची, म्हणून गटही जातीचा. ज्या पाच जणी पौर्णिमेला विहारात एकत्र बसतात, १४ एप्रिलची वर्गणी ज्या एकत्र फिरून जमवतात, त्याच पाच जणी एकमेकींच्या जामीन आहेत. एकीचा हप्ता चुकला की चौघी तिच्या ओट्यावर जाऊन बसतात. सर उठू देत नाहीत. चळवळीने जी एकजूट पन्नास वर्षांत उभी केली, ती येथे आयती जामिनकीला मिळाली आहे. आणि पुस्तिका याला ‘सामाजिक भांडवल’ म्हणते.

आता हिशेब. वर्गात मी एक उदाहरण घातले. कर्ज १०,००० रुपये. तोंडी सांगितलेला दर बारा टक्के, म्हणजे व्याज १,२००. पन्नास आठवडे, प्रत्येकी २२४ रुपये. मुलांनी बारा टक्के हे उत्तर लिहून वह्या मिटल्या. मग विचारले, पंचवीस हप्त्यांनंतर तिच्याकडे मूळ मुद्दल किती राहिले? सुमारे निम्मे. व्याज कशावर घेतले? पूर्ण दहा हजारांवर, शेवटच्या आठवड्यापर्यंत. उतरत्या शिलकीवर मांडले तर हा दर साडेतेवीस टक्क्यांच्या वर जातो. सुरुवातीलाच विमा आणि प्रक्रिया शुल्क म्हणून ३०० रुपये कापून ९,७०० हाती दिले, तर तो तीस टक्क्यांवर पोचतो. तेच २२४, तीच बाई.

आमच्या मुलांना हे उलटेही समजावून द्यावे लागते. गावात ‘शेकडा दोन’ म्हणतात ते महिन्याचे असते, वर्षाचे चोवीस. ‘शेकडा पाच’ म्हणजे साठ. पुस्तकातला टक्का वर्षाचा, गावातला महिन्याचा, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाने त्यांना सांगितलेले नव्हते. सावकाराचा साठ आणि कंपनीचा तीस यांत बाईने कंपनी निवडली तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. ती निम्म्या दराने नाडली जाते, एवढेच. मात्र सावकार सुगीपर्यंत थांबतो. कंपनीचा आठवडा थांबत नाही. आमच्याकडे पैसा येतो सोयाबीनच्या काढणीला, आणि ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून मिळते ती ‘उचल’. हप्ता पावसाळ्यातही येतो. जोडपे कारखान्यावर गेले की मागे राहिलेल्या सासूने तो भरायचा. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे कर्ज निघते, ते येथूनच.

कायद्याने काय केले, तेही पाहिले पाहिजे. २०१० साली आंध्रात सूक्ष्म कर्जाच्या वसुलीने आत्महत्यांपर्यंत मजल गेली आणि तेथील सरकारला ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढावा लागला. देगलूर-बिलोलीच्या लोकांची सोयरीक तिकडे असल्याने ही बातमी आमच्याकडे वर्तमानपत्राआधी पोचली होती. मग मालेगाम समिती झाली, २०११ मध्ये या कंपन्यांचा वेगळा वर्ग ठरला, व्याजावर मर्यादा आली. २०२२ च्या नियमांनी ती मर्यादा काढून दर ठरविणे कंपनीच्या संचालक मंडळावर सोपविले. त्याच नियमांत बाईच्या उपयोगाच्या गोष्टीही आहेत : एकूण वार्षिक दर लिहिलेला कागद तिला समजणाऱ्या भाषेत द्यावा लागतो, सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, वसुली ठरलेल्या ठिकाणीच, घरी जायचे तर ती तेथे लागोपाठ दोनदा न आल्यावरच. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक हप्ते नसावेत, हाही नियम. मुलांनी हा नियम वाचून हिशेब केला. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेले घर या कर्जाला पात्र. म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. म्हणजे साडेबारा हजारांपर्यंत हप्ता नियमात बसतो. “सर, आमच्या घरी साडेबारा येतच न्हाईत,” एक मुलगा म्हणाला. फॉर्मवर उत्पन्न कोण लिहितो, हा पुढचा प्रश्न त्याचा त्यानेच विचारला.

कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा दाखवून आपण जिल्हा उपनिबंधकांकडे जातो. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करावी लागते. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. आताचा रोखा यंत्रात आहे, आणि बायकांना ‘सिबिल’ हा शब्द पाठ झाला आहे.

या कर्जाने दारिद्र्य हटते काय? बांगलादेशच्या मुहम्मद युनूस यांना २००६ साली शांततेचे नोबेल मिळाले तेव्हा तसा विश्वास जगभर होता. हैदराबादच्या वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून याची पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. काही धंदे वाढले, काही टिकाऊ वस्तू घरात आल्या. पण घरखर्च, मुलांचे शिक्षण, स्त्रियांचे निर्णयाधिकार यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आमच्या पुस्तिकेत युनूस यांचे चित्र आहे. या पाहणीची ओळसुद्धा नाही.

आणि बाबासाहेब? पुस्तिकेत मुखपृष्ठाच्या आत त्यांचेही चित्र छापले आहे. आमचा भाग पाहून छापले असावे. ज्या अर्थशास्त्रज्ञाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याच्याकडे या विषयावर सांगण्यासारखे काही असेल, असे कोणाला वाटले नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिधर्मनिरपेक्षपणे गावकऱ्यांना सामूहिक कसण्यासाठी द्यावी आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे यांचे भांडवल राज्याने पुरवावे, अशी मागणी केली. तेथे कर्जाचा विचार जमिनीपासून सुटा नाही. भूमिहीनाला आधी जमीन, मग तिच्यासाठी भांडवल. सूक्ष्म वित्ताने हा क्रम मोडला. जमीन विषयपत्रिकेवरून काढून टाकली आणि बिनजमिनीच्या माणसाला भांडवलदार होण्याचा उपदेश केला. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या दलितांची तिसरी पिढी चालू आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ सालचा. तरीही कितीतरी जणांच्या सातबाऱ्यावर नाव चढलेले नाही. सातबारा नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही, पीककर्ज नाही म्हणून आठवड्याचा हप्ता. वर्गात सूक्ष्म कर्ज शिकवायचे तर धडा गायरानापासून सुरू झाला पाहिजे, असे माझे मत आहे.

आपल्या साहित्यालाही येथे जाब विचारावा लागेल. आत्मकथनांच्या पहिल्या पिढीत हा हप्ता येणे शक्य नव्हते, तो नंतरचा. पण आज माझ्या वाचनात येणाऱ्या कवितांत सावकार अजून पागोटे घालून, चोपडी घेऊन येतो. मोटारसायकलवरचा, जयभीम घालणारा सावकार आपल्या कवितेला दिसलेला नाही. त्याला शत्रू म्हणता येत नाही आणि आपला म्हणून सोडताही येत नाही; या पेचातच खरे लेखन आहे. दुसरे कारण असे की हे कर्ज बायकांच्या नावावर आहे. जे बायकांच्या ट्रंकेत, आधार आणि राशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत असते, त्याला आपण पुरुष लेखक अजून विषय मानीत नाही.

म्हणून त्या मुलीचे पान मला महत्त्वाचे वाटते. तिने यशोगाथा लिहिली नाही. आईच्या कार्डाचा हिशेब लिहिला. कर्जाचे कारण ‘शेळीपालन’. “आमच्या घरी कागदावर दोन शेळ्या आहेत,” असे तिचे पहिले वाक्य. पैसे गेले थोरल्या भावाच्या लातूरच्या क्लासला. ज्या ‘लातूर पॅटर्न’चा एवढा गौरव होतो, त्याची फी कोठून येते, हे तिने तीन ओळींत सांगितले. पुढे तारीखवार हप्ते. दोन ठिकाणी ‘काकूनं भरला’ अशी नोंद. एका ठिकाणी ‘आई कामाला गेली न्हाई, ताप होता, तरी भरला’. कारण, परिणाम, दोष, उपदेश काही नाही. प्रायोजक संस्थेने प्रदर्शनासाठी बारा वह्या निवडल्या, त्यांत ही नव्हती. विषयाला धरून नाही, असा शेरा होता.

यंदा आम्ही पुस्तिका घेतली नाही. सेवेचे तास तेच आहेत, काम बदलले आहे. रविवारी विहारासमोरच्या पारावर मुले बसतात, बायका कार्डे घेऊन येतात. मुले दर, कापलेली रक्कम, उरलेली मुद्दल मोठ्याने वाचून दाखवतात आणि एका वहीत उतरवतात. पहिल्या रविवारी तिघीच आल्या. परवा एका बाईने पाच कार्डे पुढे ठेवली आणि विचारले, “पहिलं फेडायला दुसरं घेतलं, दुसरं फेडायला तिसरं, तर मग हे सगळं मिळून किती टक्क्यानं पडलं?” अकरावीच्या अभ्यासक्रमात हे गणित नाही. चार मुली ते मांडत आहेत. तिसऱ्या कार्डापर्यंत पोचल्या आहेत.